अळिवाचं रान

दिवाळीच्या किल्ल्यासाठी लागणारी सगळी माणसं बाजारात विकत मिळतात. सिंहासनावर बसलेले महाराज मिळतात, ढाल-तलवारीचे मावळे डझनावारी मिळतात, तुतारीवाला मिळतो, तोफेसकट गोलंदाज मिळतो. शिवाय स्वराज्याशी ज्यांचा नेमका संबंध काय हे आजवर कुणी विचारलेलं नाही असे वासुदेव, भाजीवाली, बँडवाले आणि शिट्टी वाजवणारा वाहतूक पोलीस हेही त्याच टोपलीत असतात. मिळत नाही ती फक्त जमीन. ती ज्याची त्याला करावी लागते. म्हणूनच सहामाही परीक्षा संपल्यावर पोरापोरांत जी भांडणं जुंपतात ती मावळ्यांवरून नसतात, जमिनीवरून असतात. आपला भाऊबंदकीचा एकूण इतिहास पाहता यात नवल करण्यासारखं काही नाही.

जमिनीची सुरुवात पोत्यापासून होते. विटा, दगड, फुटकी कुंडी, कुणाच्या तरी माळ्यावरचा पाट असं हाताला येईल ते रचून डोंगराचा आकार आला की गोणपाट चिखलाच्या राड्यात बुडवायचं आणि त्यावर पसरायचं. राडा किती पातळ असावा यावर दर जिन्यात दोन पक्ष असतात. फार पातळ झाला तर तो पोत्यातून गळतो, खाली नको तिथे तळं होतं आणि डोंगर पुन्हा पोतं दिसू लागतो. फार घट्ट झाला तर थर जाड बसतो आणि ऑक्टोबरच्या उन्हात दुसऱ्याच दिवशी तडकतो. काळी माती तर हमखास तडकते. ओली असताना फुगायचं आणि वाळताना आकसायचं ही तिची खोड कापूस पिकवणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सोसायटीतल्या मुलांना ती दर दिवाळीत नव्याने कळते. मग त्या भेगांना "भुयारं" म्हणायचं ठरतं आणि काम पुढे जातं.

लाल माती कमी तडकते, पण शहरात ती आणायची कुठून? पूर्वी ती सोसायटीच्या बागेतून रात्री आणली जायची आणि सकाळी सेक्रेटरींच्या गुलाबाची मुळं उघडी पडलेली दिसायची. आता नर्सरीतून पोत्याने विकत आणतात. पण माती विकत आणली म्हणून जमीन झाली असं नाही. नुसता मातीचा डोंगर हा डोंगर वाटतच नाही, रस्त्याच्या कामाचा ढिगारा वाटतो. त्याला अंगावर काहीतरी हवं. दिवाळीच्या किल्ल्याचा खरा प्रश्न इथे सुरू होतो: हिरवं काय लावायचं?

आळशी लोक भुसा लावतात. वखारीतून लाकडाचा भुसा आणायचा, हिरव्या रंगात कालवायचा आणि वाळवून भुरभुरायचा. काम झटपट होतं, पण तो रंग सह्याद्रीत कुठेही आढळत नाही. असा पोपटी रंग मी निसर्गात फक्त पोपटावर पाहिला आहे. शिवाय परतीच्या पावसाची एक सर आली की डोंगराचा रंग खाली उतरतो आणि पार्किंगमधल्या पांढऱ्या गाड्यांपर्यंत स्वराज्याचा विस्तार होतो.

भुशाहून वरच्या दर्जाचं काम म्हणजे शेवाळ. पावसाळा नुकताच संपलेला असतो, कंपाउंडच्या उत्तरेकडच्या भिंतीवर मखमल साचलेली असते. घरातलं उलथनं पळवायचं आणि तिच्या वड्या पाडून अलगद आणायच्या. शेवाळाएवढं सुंदर दुसरं काही नाही हे मी मान्य करतो. बारीक, दाट आणि मुख्य म्हणजे मापात. दोन इंची मावळा शेवाळावर उभा केला की तो खरोखर कुरणात उभा असल्याचा भास होतो. पण शेवाळ हे सावलीत वाढलेलं लाडावलेलं बाळ. उन्हात ठेवलं की दुपारपर्यंत तपकिरी होतं, कडा वळतात, आणि वड्या एकेक करून तटावरून खाली उड्या टाकू लागतात.

म्हणून शेवटी सगळे येतात ते अळिवाकडे.

अळिवाचं बी वनस्पतिशास्त्राने बहुधा खास या कामासाठीच घडवलं असावं. पाण्याचा थेंब लागताच त्याच्याभोवती बुळबुळीत चिकट थर तयार होतो. बाळंतिणीच्या लाडवासाठी नारळाच्या पाण्यात अळीव भिजवणाऱ्या आजीला हे माहीत असतं. तोच चिकटपणा किल्ल्याच्या कड्यावर उपयोगी पडतो, कारण बी उभ्या चढावर जिथे टाकाल तिथे चिकटून बसतं. मोहरीला ही अक्कल नाही. मोहरी गोल. ती कड्यावर टाकली की घरंगळत पायथ्याशी जाते, आणि चार दिवसांनी पायथ्याला घनदाट अरण्य अन्‌ बालेकिल्ल्यावर टक्कल असा देखावा तयार होतो. मेथी चांगली उगवते, पण ती घरातल्या मोठ्यांच्या डोळ्यांवर येते. आमच्या समोरच्या आजींनी एका वर्षी किल्ल्याची संपूर्ण पश्चिम बाजू खुडून तिची भाजी केली होती आणि ती गडकऱ्यांनाच वाढली होती. गहू पेरणारेही असतात. गव्हाची पाती उगवली की मावळे उसाच्या फडात हरवल्यागत दिसतात आणि किल्ला साखर कारखान्याच्या कार्यक्षेत्रात आल्याचा भास होतो.

अळीव दोन-तीन दिवसांत अंकुरतो, आठवड्यात बोटाच्या दोन पेरांएवढा होतो. आणि तिथेच आमच्या मेव्हण्याचा आक्षेप सुरू होतो.

आमच्या हिचा धाकटा भाऊ हा या विषयातला अधिकारी माणूस. तो कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बाराही महिने किल्ले करतो. त्याच्या भाषेत त्यांना किल्ले म्हणायचं नाही, डायोरामा म्हणायचं. पाटावर मावेल एवढा इतिहासाचा तुकडा घ्यायचा आणि तो इतका हुबेहूब करायचा की फोटो काढला तर माप कळू नये, असं ते शास्त्र आहे. चोपन्न मिलिमीटरचा सैनिक हे त्यातलं जुनं, प्रतिष्ठित माप. विल्यम ब्रिटन यांनी १८९३ साली लंडनमध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली आणि ते स्वस्त झाल्यावर घरोघरी या मापाच्या फौजा उभ्या राहिल्या. खऱ्या माणसाच्या साधारण बत्तिसाव्या हिश्श्याचं हे माप. मेव्हणा कुठलीही वस्तू पाहिली की आधी तिला बत्तिसाने गुणतो. आमच्या किल्ल्यापुढे उभा राहून त्याने अळिवाची काडी पट्टीने मोजली.

"दाजी, पाच सेंटिमीटर. बत्तिसाने गुणा."

मी गुणलं. एकशे साठ झाले.

"म्हणजे तुमच्या गडावर सव्वापाच फूट उंच गवत आहे. मावळा दिसेल कसा?"

मावळे दिसत नव्हते हे खरं. नरकचतुर्दशीला गुडघ्यापर्यंत असलेलं रान पाडव्याला छातीला लागलं होतं आणि आता भाल्यांची टोकं तेवढी वर दिसत होती. त्याचा मुलगा, म्हणजे आमच्या हिचा भाचा, शेजारीच पाण्याचा फवारा घेऊन उभा होता. तो म्हणाला, "बाबा, ते लपलेत. गनिमी कावा आहे."

यावर मेव्हण्याकडे उत्तर नव्हतं, पण त्याच्याकडे गवत होतं. त्याचं गवत म्हणजे नायलॉनचे दोन ते बारा मिलिमीटर लांबीचे तंतू. हे तंतू नुसते भुरभुरले तर आडवे पडतात आणि दाढी केल्यानंतर वॉश बेसिनमध्ये जे दिसतं ते दिसतं. ते उभे राहावेत म्हणून त्यांना स्थिर विद्युत द्यावी लागते. जाळीच्या डब्यात तंतू, जाळीला काही हजार व्होल्टचा दाब, जमिनीवर ओला गोंद आणि त्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला दुसरी तार. डबा हलवला की तंतू सरळ खाली झेपावतात आणि गोंदात ताठ उभे राहतात. याचं तयार यंत्र परदेशात मिळतं आणि महाग असतं. म्हणून जगभरच्या हौशी लोकांनी ते डास मारायच्या रॅकेटपासून बनवायची युक्ती काढली आहे. रॅकेटचं डोकं छाटायचं आणि तिथे चहाची गाळणी बसवायची. मेव्हण्याने तेच केलं. त्यांच्या घरात आता गवत उत्कृष्ट उगवतं, डास भरपूर आहेत आणि चहा फडक्याने गाळतात.

खरं म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातली कुठलीच वस्तू आता मूळ कामाला राहिलेली नाही. फेविकॉलमध्ये पाणी घालून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकतात, म्हणजे तो वाळूवर गोळ्यागोळ्याने न थांबता आत झिरपतो. ही युक्ती मला पटली. अंघोळीचा स्पंज मिक्सरमधून काढून रंगवला की झुडपांचा पाला होतो. हीही युक्ती चांगली, पण त्यानंतरची चटणी काही दिवस खाऊ नये. हिरव्या घासणीचं कुंपण होतं. वाळक्या घोसाळ्याच्या जाळीचं झुडूप होतं. चहाचा चोथा खडखडीत वाळवला तर झाडाखालचा पाचोळा म्हणून त्याला तोड नाही, आणि नीट वाळला नाही तर काचेच्या पेटीत बुरशीचं तिसरंच जंगल उगवतं. गॅलरीत वर्तमानपत्रावर चोथा पसरलेला पाहून शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "या दिवसांत कसली हो वाळवणं?" मेव्हण्याच्या बायकोने "सैन्यासाठी" असं उत्तर दिलं.

काथ्याच्या जाड पायपुसण्याचं तर विचारूच नका. पिकलेल्या शेताला त्याच्याइतकं योग्य साहित्य नाही, हे युरोपातले युद्धखेळ खेळणारे लोकही मानतात. मेव्हण्याला एका लढाईसाठी पिवळं शेत हवं होतं. त्याने दारातलं नवं पायपुसणं घेतलं आणि हवा तेवढा भाग कापला. उरलेला तुकडा त्याने इमानदारीने परत दाराशी ठेवला. 'सुस्वागतम्' मधलं त्यावर 'गतम्' एवढंच शिल्लक होतं, आणि त्याच्या सासूबाई नेमक्या त्याच संध्याकाळी आल्या.

त्याचा सध्याचा डायोरामा पावनखिंडीचा आहे. १३ जुलै १६६०, आषाढातला चिखल, आदल्या रात्री पन्हाळ्यावरून निघून भर पावसात विशाळगडाकडे चाललेली माणसं, मागे सिद्दीची फौज. यात आषाढ फार महत्त्वाचा, असं मेव्हणा सांगतो. श्रावणातलं गवत चालणार नाही, उंच होतं. चिखलाला ओली चकाकी हवी, पण सगळीकडे सारखी नको. खडक बेसॉल्टचा, त्यामुळे थर आडवे दिसले पाहिजेत. गेले कित्येक पावसाळे तो या एका खिंडीवर खपतो आहे. चिखल आता इतका खरा झाला आहे की पाहताना आपण नकळत चपला काढतो. बाजीप्रभू मात्र अजून कापसात गुंडाळून डब्यात आहेत. जमीन तयार झाल्याशिवाय त्यांना बाहेर काढायचं नाही, असं ठरलं आहे. विशाळगडावरच्या तोफा कधी व्हायच्या, हे विचारायची आता घरात कुणाची छाती होत नाही.

त्याची थट्टा करणं सोपं आहे, पण या वेडाची परंपरा फार थोर आहे. या घराण्याचे मूळपुरुष विल्यम सायबोर्न. इंग्रज लष्करातले अधिकारी. १८३० मध्ये त्यांना वॉटर्लूच्या लढाईची प्रतिकृती करायचं काम मिळालं. हे गृहस्थ त्या रणभूमीवर जाऊन ला हे सँत नावाच्या शेतवाडीत आठ महिने राहिले आणि जमीन मोजत बसले. पुढे त्यांनी लढाईत लढलेल्या अधिकाऱ्यांना पत्रं धाडली. तुमची पलटण कुठे उभी होती, शत्रू कुठून आला हे तर विचारलंच, शिवाय त्या जागी शेतात कोणतं पीक होतं हेही विचारलं. लढाई १८१५ ची, चौकशी जवळजवळ वीस वर्षांनंतरची. समोरून फ्रेंच घोडदळ अंगावर येत असताना आपल्या बुटाखाली राय होतं की बार्ली, हे किती जणांनी लक्षात ठेवलं असेल? तरीही उत्तरांचा ढीग आला. इंग्रज अधिकारी पत्राला उत्तर देतो, मग माहिती असो वा नसो.

त्यांच्या दुर्दैवाने खुद्द जमीनच जागेवर राहिली नव्हती. डच राजाने आपला राजपुत्र जिथे जखमी झाला तिथे चाळीस मीटरहून उंच मातीची टेकडी उभारून वर सिंह बसवला होता. १८२६ पर्यंत हे काम पुरं झालं, आणि टेकडीसाठी लागणारी माती रणभूमीवरचीच खरवडून घेतली. इंग्रजांचा सेनापती वेलिंग्टन ज्या उंचवट्याच्या आडोशाने लढला तो उंचवटाच त्यात खर्ची पडला. माझी रणभूमी बिघडवून टाकली, असं तो पुढे कुरकुरला म्हणतात. थोडक्यात, सेक्रेटरींच्या बागेतून माती नेण्याचा उद्योग तिकडे सरकारी पातळीवर झाला होता.

१८३८ मध्ये प्रतिकृती लंडनला लोकांसमोर आली. लोटलेली गर्दी प्रचंड, खर्च सुमारे तीन हजार पौंड, सरकारने मध्येच हात आखडते घेतल्याने कर्ज सायबोर्न यांच्या डोक्यावर. वर वेलिंग्टन नाराज, कारण प्रशियन सैन्य फार लवकर आणि फार ठळक दाखवलं होतं. तरी ती प्रतिकृती टिकली. लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये ती आजही आहे, सत्तर हजारांहून अधिक चिमुकल्या सैनिकांसह.

आता यातली खरी गंमत ऐका, कारण ती ऐकवून मी मेव्हण्याला त्या दिवाळीत गप्प केलं. सायबोर्न यांनी जमीन मैलाला नऊ फूट या मापात केली, म्हणजे जवळजवळ सहाशेवा हिस्सा. त्या मापाने माणूस तीन मिलिमीटरचा यायला हवा. त्यांचे सैनिक सुमारे दहा मिलिमीटरचे आहेत. आठ महिने शेतवाडीत राहून, पिकांची चौकशी करून, कर्जबाजारी होऊन शेवटी त्या सद्गृहस्थांनी तेच केलं जे आमच्या जिन्यातली मुलं करतात: जमिनीपेक्षा माणसं मोठी केली. नाहीतर ती दिसलीच नसती. आमच्याकडे महाराज बुरुजाहून उंच असतात आणि वाघाच्या जबड्यात अख्खा बैल मावतो, त्याला आता कुणी हसू नये.

उंच गवताचाही निकाल तिथेच लागतो. वॉटर्लूच्या दोन दिवस आधी क्वात्र ब्रा इथे चकमक झाली, तेव्हा शेतात राय माणसाच्या डोक्यावर गेलं होतं. पलटणींना एकमेकींचा पत्ता लागत नव्हता आणि समोरून आलेलं घोडदळ अंगावर आल्यावरच दिसत होतं. तेव्हा भाच्याचे मावळे अळिवात बुडाले असतील तर ते युद्धशास्त्राला धरूनच बुडाले आहेत.

"पण तो बेल्जियम, दाजी," मेव्हणा म्हणाला. "सह्याद्रीचं काय?"

हा प्रश्न मात्र अवघड होता, आणि त्याचं उत्तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी दिलं. काका निवृत्त झाल्यापासून मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करतात, आणि तो ते जिन्यात उभे राहून करतात. त्यांनी आज्ञापत्र काढलं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेला हा अठराव्या शतकाच्या आरंभीचा ग्रंथ. राज्य कसं चालवावं ते त्यात आहे आणि दुर्गांवर त्याचं एक प्रकरण आहे. त्यात गडाच्या अंगावर काय उगवावं आणि काय उगवू नये याचे स्पष्ट हुकूम आहेत. तटावर झाडं वाढली तर वरचेवर कापून काढावीत. तटाचं आणि तटाखालचं गवत जाळून टाकावं. उलट गडाच्या घेऱ्यातली झाडी जपून वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, कारण ती झाडी हेच संरक्षण. आणि गडावरचा केर खाली न टाकता जागच्या जागी जाळून त्याची राख परसात टाकावी, तिच्यावर भाजीपाला करावा.

काकांनी एवढं सांगून किल्ल्याकडे पाहिलं. अळीव सगळ्यात दाट उगवला होता तो नेमका तटावर. घेऱ्यात, म्हणजे फरशीवर, एक पानही नव्हतं. केराची व्यवस्था म्हणून फटाक्यांचे कागद सरळ गडाखाली ढकललेले होते. अमात्यांनी त्या गडाच्या हवालदाराला त्या क्षणी बडतर्फ केलं असतं. फक्त भाजीपाल्याच्या बाबतीत आमचा गड हुकमात बसत होता, तोही समोरच्या आजींच्या कृपेने.

मेव्हण्याला त्यामुळे जोर आला आणि त्याने अखेरचा वार केला. दिवाळीत सह्याद्री हिरवा नसतोच, म्हणाला. बरोबर आहे त्याचं. भाद्रपदात पठारांवर सोनकी फुलते, तेरडा फुलतो, डोंगर नव्या नवरीच्या थाटात असतो. पण आश्विन सरता सरता गवताला बी धरतं आणि ते पिवळं पडू लागतं. दिवाळीच्या सुट्टीत राजगडावर किंवा तोरण्यावर जा; संध्याकाळच्या उन्हात सगळी सोंड सोनेरी दिसते आणि मोज्यांत कुसळं भरतात. म्हणजे हुबेहूब किल्ला करायचा तर तो वाळका करायला हवा. कडे गेरूने लाल न रंगवता काळेकरडे, पांढुरक्या चट्ट्यांचे हवेत. गवत काथ्याचं हवं. मेव्हण्याने तसा एक कोपरा करूनही दाखवला आणि तो अप्रतिम होता. सोसायटीच्या स्पर्धेचे परीक्षक आले, तिथे थांबले आणि म्हणाले, "या बाजूला पाणी घालायला विसरलात का रे?"

या परीक्षकांविषयी बोलायलाच हवं. दरवर्षी कुणी ना कुणी प्रतिष्ठित गृहस्थ हातात कागद घेऊन येतात. ते बुरूज मोजतात, मावळे मोजतात, दरवाजा गोमुखी आहे का ते पाहतात. सलाईनच्या बाटलीतून नळी काढून केलेलं कारंजं उडालं की खूश होतात. हे कारंजं मराठी बालकांचं स्थापत्याला स्वतंत्र योगदान आहे आणि प्रत्येक दवाखान्यातले कंपाउंडर त्याचे आश्रयदाते आहेत. मग परीक्षक मुलाला विचारतात, हा किल्ला कोणता? मुलगा प्रतापगड म्हणतो. मागच्या वर्षी त्याच विटांचा सिंहगड होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हापासून मुलांपुढे पर्यायही वाढले आहेत. पण जमिनीचा विचार केल्याशिवाय कुणी नाव निवडू नये. सिंधुदुर्ग आणि खांदेरी म्हटलं की समुद्र करावा लागतो, आणि समुद्र पार्किंगमध्ये टिकत नाही. तमिळनाडूतली जिंजी म्हटलं की सह्याद्रीचे सरळसोट कडे विसरायचे. तिथे गोल गोल धोंड्यांच्या राशी एकमेकींवर चढवलेल्या असतात. त्यासाठी चिखलात बुडवलेले बटाटे उत्तम. फक्त ते परत स्वयंपाकघरात नेऊ नयेत.

तर परीक्षक सगळं पाहतात, आणि गवताकडे कुणी पाहत नाही. मावळे बाजारात मिळतात म्हणून आणले. महाराज आजोबांनी आणले. कारंजं दादाने लावलं. किल्ला करणाऱ्या पोराने स्वतः केलेलं असं एकच काम असतं: ते गवत. ते त्याने पेरलं, सकाळी दात घासायच्या आधी खाली येऊन पाहिलं, उगवलं नाही म्हणून उकरून पाहिलं, पुन्हा पेरलं, मांजरीपासून राखलं आणि चिमण्यांशी लढून जगवलं. कच्च्या मातीचे मावळे जास्त पाण्याने विरघळतात आणि कमी पाण्याने अळीव वाळतो, या दोन संकटांच्या मधली वाट त्याने शोधली. मेव्हण्याच्या नायलॉनी गवताला हे काहीच सोसावं लागत नाही. ते सुंदर दिसतं आणि वाढत नाही. भाच्याचं गवत मापात नाही, ऋतूला धरून नाही, अमात्यांच्या हुकमाविरुद्ध तटावर उगवलेलं आहे, आणि रात्रीतून वाढतं. मला विचाराल तर मी डोळे झाकून भाच्याला पहिला नंबर देईन.

म्हणून सर्व सोसायट्या, मंडळं आणि किल्ले स्पर्धांच्या परीक्षकांना विनंती आहे की, शंभरातले निदान वीस गुण गवतासाठी वेगळे काढावेत. भुशाला शून्य. शेवाळाला पाच, पण ते खऱ्या किल्ल्याच्या तटावरून खरवडून आणलं असेल तर स्पर्धेतून बाद. आणि किल्लेदारांनो, तुम्हाला एवढंच सांगतो: अळीव आधी भिजवू नका, त्याचा गोळा होतो. वसुबारसेच्या चार दिवस आधी कोरडाच पेरा, पाणी हाताने शिंपडा, बादलीने ओतू नका, आणि तटावर पेरायचाच असेल तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना कळू देऊ नका.